नऊवाल्या आणि दहावाल्या

"बाहेर कोणी मेलंय का गं?" न्हाणीतून गिरिजाअक्कांचा आवाज आला.

पत्र्याच्या दारावर धडाधड थापा पडत होत्या. आत आम्ही आठ-नऊ जणी. कुणी केस पिळत होती, कुणी ओल्या अंगावर ब्लाउज चढवायची झटापट करत होती. मी दाराची कडी हातानं दाबून उभी होते, कारण ती सैल होती आणि जोराचा धक्का बसला की निसटायची.

"मेलं नाही कुणी, अक्का. दहावाल्या आल्यात."

"मग थांबू देत. मेलेल्या माणसाला न्यायची घाई असते. यांना कसली?"

आम्ही सगळ्या खो खो हसलो. अक्कांनी नळ आणखी मोठा सोडला आणि कानडी भजनाचं पुढचं कडवं लावलं. आवाज काय गोड होता त्यांचा! पत्र्याच्या त्या खोलीत तो घुमायचा आणि अंगावरचं गार पाणीसुद्धा कोमट वाटायला लागायचं.

सोलापुरात आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एका संस्थेचा पोहण्याचा तलाव होता. सकाळचे दोन तास बायकांचे, नऊ ते दहा आणि दहा ते अकरा. कपडे बदलायची खोली एकच. तिला खुंट्या आठ, न्हाण्या दोन. शिकवायला आणि राखणीला शेखबाई होत्या. गळ्यात शिट्टी, पुढ्यात रजिस्टर, आणि तोंडावर अशी कळा, की या बाईला हसू येतंय की वैताग आलाय ते कधी समजू नये. दहा वाजले की त्या शिट्टी मारून ओरडायच्या, "नववी सुटली, दहावी भरली!"

मी नऊची. पाच वर्षं झाली होती. नऊवाल्या शिस्तीच्या आणि दहावाल्या धसमुसळ्या, हे मी ठरवलेलं नव्हतं. मी आले तेव्हा ते ठरलेलंच होतं. आमच्यातल्या कुणाची साबणाची वडी न्हाणीत राहिली तर बिचारी विसरलेली असायची. त्यांच्यातल्या कुणाची राहिली तर तो घाणेरडेपणा. आम्ही मोठ्यानं हसायचो तेव्हा कुणीतरी विनोद केलेला असायचा. त्या हसल्या की आम्ही आपापलं ओलं अंग नीट झाकलं गेलं आहे का ते बघायचो.

गिरिजाअक्का हिरेमठ आमच्या म्होरक्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या. पोहायला शिकल्याच मुळी सत्तावन्नाव्या वर्षी, पण पाण्यावर उताण्या पडल्या की पिंपळाच्या पानासारख्या तरंगायच्या. त्यांच्या-माझ्या वयात चोवीस वर्षांचं अंतर असलं तरी आमचं मेतकूट होतं. पोहून झालं की बाकावर बसून त्यांच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही मिळून खायचो. माझ्या घरातली सगळी भांडणं त्यांना तोंडपाठ होती.

त्या वर्षी संक्रांतीनंतर सासूबाईंच्या गुडघ्यांना मालिश करायला एक बाई येऊ लागली. तिला नऊचीच वेळ सवडीची होती आणि सासूबाईंना तिच्यावर लक्ष ठेवायला घरात मीच हवी होते. झालं, मला दहाला जावं लागलं. अक्का म्हणाल्या, "एक तास पुढं सरकलीस, वैजू, एवढंच. त्यात रडायचं काय?"

पहिल्या दिवशी मी दहाला पाच कमी असताना दाराबाहेर उभी राहिले. फेब्रुवारीतलं ऊन, पण सोलापूरचं. पत्रा हाताला चटका देत होता. आतून अक्कांचं भजन ऐकू येत होतं. मी कौतुकानं ऐकत होते.

"ऐक, ऐक," शेजारची बाई म्हणाली. "आता तिसरं कडवं गाऊलालीय बघ. मुद्दाम."

ही रत्नमाला, आडनाव बोल्ली. चादरींचं दुकान होतं तिचं. बोली अस्सल सोलापुरी, 'गातेय'ला 'गाऊलालीय'. हातात कायम दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि भेटेल त्याला पहिल्या वाक्यातच अगं-तुगं.

"मुद्दाम कशाला? भजन आहे ते," मी म्हणाले.

"भजन घरी म्हणायचं की! आपण बाहेर उभ्या आहोत हे काय तिला माहीत नाही?"

मी मनात म्हटलं, दहावाल्याच त्या, असंच बोलणार. दुसऱ्या दिवशी भजन जरा लांबल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी कडवी मोजली. चौथ्या दिवशी दारावर पहिली थाप मारली ती मी.

आतून कुणाचा तरी आवाज आला, "आल्या बघ टोळधाड!" आणि मग ते हसणं. ते हसणं मी पाच वर्षं आतून हसले होते. बाहेरून ते असं ऐकू येतं याची मला कल्पनाच नव्हती.

त्याच दिवशी अक्का ओल्या केसांनी दारातून बाहेर आल्या. मी समोरच, दोन हातांवर उभी. मी हसले. अक्का माझ्याकडे बघून तशाच पुढे निघून गेल्या. भुवईसुद्धा हलली नाही.

"बघितलंस?" रत्नमाला माझ्या कानाशी म्हणाली. "परवापर्यंत एका डब्यात जेवूलाल्ता दोघी. आता तू दहाची झालीस!"

मला काय वाटलं ते सांगत नाही. त्या दिवशी मी पाण्यात उतरले आणि एका दमात चार फेऱ्या मारून आले, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मग मीही हसायचं बंद केलं. त्या आल्या की मी पाठ करून टॉवेल झटकायची, जोरात. एकदा माझ्या नेहमीच्या खुंटीवर त्यांचा ओला पंचा लटकत होता. पूर्वी मी तो उचलून पिळून वाळत घातला असता. आता दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. सगळ्या 'शी' म्हणाल्या. फार बरं वाटलं. त्याच दिवशी रत्नमालानं मला घरची सांडगी मिरची आणून दिली. दहावाल्या बायका मनानं किती मोकळ्या! पाच वर्षं मी नुसतं बाहेरून बघत होते. आता तर तेही खटकायला लागलं, की अक्कांना आवरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय. आधी पाच मिनिटं उशीर व्हायचा, तो पंधरावर गेला. आम्हाला चिडवण्यासाठी नाही तर कशासाठी?

एप्रिलच्या मध्यात शेखबाईंनी पाटी लावली. पाण्याची टंचाई म्हणून एक मेपासून बायकांना एकच तास. कोणता ठेवायचा, हे दोन्ही बॅचनी लेखी कळवायचं.

दहाच्या बाजूनं लिहिणार कोण? रत्नमालानं माझा दंड धरला. "तुझं अक्षर मोत्यासारखं. आणि तुला त्यांची आतली माहिती. चल दुकानात."

दुपारी तिच्या दुकानात चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मी अर्ज लिहिला. आमची वेळ का ठेवावी हे दोन ओळींत संपलं. मग त्यांची वेळ का ठेवू नये ते लिहायला घेतलं, त्याला दोन पानं लागली. एक, वेळेचं भान ठेवत नाहीत. दोन, खुंट्या अडवतात. तीन, न्हाणीत केसांची गुंतवळं टाकतात. चार, मोठमोठ्यानं हसतात, आणि कुणाला हसतात ते सांगायला नको. पाच, शेखबाईंना खाण्याचे डबे देऊन आपल्या बाजूला वळवून घेतात.

"अजून?" रत्नमालानं विचारलं.

"सहा," मी म्हणाले आणि पेन जरा दाबूनच लिहिलं. "ओळख असूनही ओळख दाखवत नाहीत."

"हे बेस झालं," रत्नमाला म्हणाली. "हे काळजाला लागूलालंय."

एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला शेखबाईंनी दोन्ही बॅचना दहा वाजता तलावाच्या काठी एकत्र बोलावलं. नऊवाल्या ओल्या केसांनी एका बाजूच्या बाकांवर, आम्ही कोरड्या दुसऱ्या बाजूला. मधे शेखबाई, खुर्चीत. अक्का आज चष्मा लावून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघण्याचं काम मन लावून करत होते.

"अर्ज आलेत," शेखबाई म्हणाल्या. "आधी वाचून दाखवते. मधे बोलायचं नाही. बॅचचं नाव वाचणार नाही, नुसतं 'त्या बायका' म्हणणार. उगीच मारामाऱ्या नकोत."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "त्या बायका वेळेचं अजिबात भान ठेवत नाहीत."

"खरंय!" आम्ही ओरडलो. समोरूनही कुणीतरी "अगदी खरंय!" म्हणालं. मला वाटलं, आमची चेष्टा करतायत.

"खुंट्या दोन-दोन अडवतात."

समोरच्या बाकांवर माना डोलल्या. आमच्याकडे टाळ्या पडल्या. रत्नमालानं मला कोपरानं ढोसलं, बघ कसा रंगलाय तुझा अर्ज. केसांच्या गुंतवळांना दोन्हीकडून 'शी' झालं. मोठ्यानं हसण्याच्या कलमाला दोन्हीकडच्या बायका मोठ्यानं हसल्या.

शेखबाई जरा थांबल्या. "पाचवं कलम माझ्यावर आहे. मला डबे देऊन फितवतात म्हणे. बरोबर आहे. कडक भाकरी नऊची, सांडगी मिरची दहाची. दोन्ही झकास. सहावं ऐका. ओळख असूनही ओळख दाखवत नाहीत."

आम्ही तोंड उघडायच्या आत समोरून टाळी पडली. एकटीच, कडक. गिरिजाअक्का उठून उभ्या राहिल्या होत्या.

"शंभर टक्के खरं!" त्या म्हणाल्या. "पाच वर्षं एका ताटात जेवलेली माणसं त्या बॅचला गेली की हाक मारायलासुद्धा महाग होतात! ज्यानं हे लिहिलं त्याला मी दहापैकी दहा देते."

मी बाकाची कड घट्ट धरली.

"आता सांगा," शेखबाई म्हणाल्या, "हा अर्ज कुणाचा?"

"आमचा!" नऊवाल्या म्हणाल्या.

"आमचा!" दहावाल्या म्हणाल्या.

शेखबाईंनी दोन कागद दोन हातांत धरून वर केले. "हा दहाचा, गेल्या आठवड्यातला. आणि हा नऊचा, गेल्या वर्षी दहावाल्यांविरुद्ध दिलेला. या वर्षी त्यांना लिहायला कुणी मिळालं नाही. अक्का म्हणाल्या, जुनाच धरा, त्यांच्यात काही फरक पडलेला नाही. पहिलं कलम मी ह्यातलं वाचलं, दुसरं ह्यातलं, तिसरं परत ह्यातलं. पाच कलमं दोन्हीकडे शब्दाला शब्द सारखी आहेत. सहावं फक्त एकात आहे." मग त्यांनी दोन्ही कागद उन्हात शेजारी शेजारी धरले. "आणि अक्षर दोन्हीकडे एकच."

हो, गेल्या वर्षीचाही मीच लिहिला होता. आमच्या इतक्या वर्षांच्या तक्रारी एका कागदावर नीट उतरवून दिल्याबद्दल तेव्हा मला नऊवाल्यांनी डबाभर हलवा खाऊ घातला होता. दुकानात बसून लिहिताना मला तो अर्ज आठवलासुद्धा नाही. हात आपसूक चालला होता.

सतरा-अठरा बायका माझ्याकडे बघत होत्या.

अक्का सावकाश चालत आल्या. शेखबाईंच्या हातातून दहाचा कागद घेतला, चष्म्यापाशी नेला आणि सहावं कलम पुन्हा एकदा वाचलं.

"हे माझ्यावर आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही माझ्यासमोरून गेलात, अक्का. दोन हातांवरून. तीन दिवस. बघून न बघितल्यासारखं केलंत."

"चष्मा होता माझ्या डोळ्यावर?"

मी शेखबाईंच्या टेबलाकडे बघितलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. इतका वेळ मी ती सांगितली नाही, कारण त्या तीन महिन्यांत मला स्वतःलाच ती कधी आठवली नव्हती. अक्कांच्या चष्म्याचा नंबर उणे नऊ होता. त्या खोलीत एकदा त्यांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली चुरडला होता, म्हणून त्या तो शेखबाईंच्या टेबलावर ठेवूनच आत यायच्या. तिथून पुढे त्यांना शेखबाई आणि खांब यांत फरक दिसत नसे. आणि पाच वर्षं, रोज, त्यांचा हात धरून त्यांना पाण्याच्या पायरीपर्यंत मी नेत होते. परत आणत होते. त्यांचे कपडे खुंटीवरून काढून हातात देत होते.

"तू गेल्यापासून मी भिंत चाचपत जाते," अक्का म्हणाल्या. "कपडे हाताला लागेपर्यंत सगळ्या जणी निघून जातात. शेवटी मी एकटीच उरते आत. दाराची ती कडी सैल, म्हणून मोठ्यानं गाते, कुणी खोली रिकामी समजून घुसू नये म्हणून. वाटायचं, वैजू बाहेर असेल, ऐकेल, येईल. तू तर तिथूनच थापा मारत होतीस की!"

कागद माझ्या मांडीवर ठेवून त्या परत जाऊन बसल्या.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. नऊवाल्या म्हणाल्या, ही फितूर. दहावाल्या म्हणाल्या, ही गेल्या वर्षी आपल्याला गुंतवळ म्हणाली. एक नऊवाली उठून दहावाल्यांच्या बाकावर जाऊन बसली, दुसरीला तिकडच्यांनी सरकून जागा दिली. "आमच्यात नवीन आली तेव्हा कशी गरीब गाय वाटलेली!" "आमच्याकडेही अशीच होती हो पाच वर्षं!" जो प्रश्न दोन्ही बॅचना दोन आठवडे सुटत नव्हता, तो दहा मिनिटांत सुटला. साडेनऊ ते साडेदहा. सगळ्यांचं एकमत झालं. शेखबाईंनी रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मला बक्षीसच द्यायचं बाकी ठेवलंय.

मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, मी पोहणं सोडलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." ते ऐकल्याबरोबर मी ठरवलं, की जायचंच. मालिशवालीला आठला बोलावलं. ती लगेच तयार झाली. जानेवारीत मी तिला हे विचारलंच नव्हतं.

एक मेला मी गेले तेव्हा कुणी माझ्याशी बोललं नाही. खुंटीही रिकामी नव्हती. मी पिशवी जमिनीवर ठेवली, कपडे बदलले आणि बाहेर आले. सगळ्या पाण्यात उतरल्या होत्या. अक्का एकट्याच भिंतीला हात लावून उभ्या होत्या. तापलेल्या फरशीवर एक पाय उचलायच्या, मग दुसरा. भिंत जिथे संपते तिथून पायरी पंधरा पावलांवर होती.

मी जाऊन त्यांचा हात धरला.

"कोण? रत्नमाला का?"

रत्नमाला काठाशीच होती, पाण्यातून नुकती डोकं वर काढत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मी नुसतीच मान हलवली, नको म्हणून की हो म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. रत्नमालानं डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि म्हणाली, "हो अक्का, मीच. या."

ती पाण्यातून काठाकाठानं सरकत राहिली आणि मी वरून अक्कांना नेत राहिले. आवाज तिचा, हात माझा.

"तुम्ही दहावाल्या मनाच्या चांगल्या गं," अक्का म्हणाल्या. "आम्हाला कुणी कळूच दिलं नाही. बघ, न सांगता आलीस. आणि हात काय मऊ तुझा! आमची वैजू न्यायची मला, पण कशी, तर बैल ओढल्यासारखी. हात म्हणजे नुसती किसणी."

रत्नमालाला पाण्यातच ठसका लागला.

चार दिवस असं चाललं. रोज रत्नमाला वेळेवर काठाशी यायची, "हो अक्का, मीच" म्हणायची, आणि रोज माझा हात किती मऊ आहे आणि माझा हात किती खरबरीत होता हे मी ऐकायची. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्याही बघायला थांबू लागल्या. ओठ दाबून, पाण्यात गळ्यापर्यंत बुडून. तिसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्यासाठी एक खुंटी रिकामी ठेवली. कुणी, ते मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी रत्नमाला विसरली. पलीकडच्या टोकाला, खोल पाण्यात होती आणि तिथूनच कुणालातरी ओरडून सांगत होती, की दुकानात नवीन माल आलाय, दुपारी या. आवाज तलावभर घुमला.

अक्का थांबल्या. आम्ही पंधरापैकी सात-आठ पावलं चाललो होतो. त्यांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली. मग माझ्याकडे. मग माझा हात दुसऱ्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं तळवा चोळून बघितला. पाण्यात कुणी हालत नव्हतं. शेखबाईंनी तोंडातली शिट्टी काढली होती.

"तरीच," अक्का म्हणाल्या. "तरीच म्हटलं, आज इतका खरबरीत का लागतोय."

पाण्यातून एकदम हशा उसळला, नऊचा कोणता आणि दहाचा कोणता हे कळू नये असा. मलाही हसू फुटलं आणि मी हात सोडवून घ्यायला गेले. अक्कांनी सोडला नाही.

"हसतेस काय उभी राहून?" त्या म्हणाल्या. "पाय भाजूलाल्यात माझे. ओढ लवकर."